साडेसहाचा निबंध

2024 च्या जानेवारीतली गोष्ट. गड्ड्याची यात्रा अजून पुरती उठली नव्हती आणि होम मैदानावरच्या पाळण्यांचा गलका संध्याकाळी आमच्या गच्चीपर्यंत ऐकू येत होता. अशा वेळी एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. पायांत रुग्णालयातले पांढरे बूट, खांद्याला पिशवी, हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक कागद. "सर, ओळखलंत का?" तिने विचारले. चेहरा आठवेना, पण नाव सांगताच तिचा निबंध आठवला. बारावीच्या वर्षी तिने लिहिलेले 'नदीचे आत्मवृत्त' आम्ही वर्गात मोठ्याने वाचून दाखवले होते आणि भाषेला असे पैलू पाडावेत, असे काहीसे बोलूनही गेलो होतो.

कागद आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या निकालाचा होता. श्रवण साडेसात, वाचन सात, संभाषण सात, लेखन सहा. त्याच्यामागे दुसरा कागद होता, आठ महिने जुना. त्यातही लेखन सहाच. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी हवी असेल तर तिथली नोंदणी परिषद या परीक्षेत बाकीच्या तीन विभागांत सात आणि लेखनात साडेसहा मागते. पूर्वी लेखनातही सातच लागत. 2018 च्या अखेरीस ती अट अर्ध्याने खाली आली. आमच्या विद्यार्थिनीच्या आणि तिने ठरवलेल्या आयुष्याच्या मध्ये आता अर्धा बँड उभा होता. प्रत्येक खेपेस सतरा हजारांच्या आसपास फी, पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस, पुण्यातला एक दिवस आणि बुडालेल्या पाळीचा कापलेला पगार, असा त्या अर्ध्याचा हिशेब होता.

घर पूर्व भागातले. वडील चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. तो कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली. आई विड्या वळते. घरात तेलुगू, शाळेत मराठी, वॉर्डात सीमेपलीकडून येणाऱ्या रुग्णांशी कन्नड, आणि या सर्वांनंतर इंग्रजी. परदेशी परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासला ती वर्षभर गेली होती. असे असताना मराठीच्या निवृत्त मास्तरकडे ती कशाला आली, हे आम्ही विचारलेच. तिचे उत्तर आम्हांला अद्याप विसरता आलेले नाही. "सर, क्लासमध्ये म्हणतात, इंग्रजी सुधारा. पण बोलण्यात मला सात मिळतात. म्हणजे इंग्रजी इतकं वाईट नसणार. माझा निबंध चुकतोय. आणि निबंध मला तुम्ही शिकवलात."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. रुग्णाचा त्रास कोठून सुरू झाला हे शोधताना परिचारिका जसा प्रश्न विचारते, तसा तो स्वर होता. परिचारिकांसाठी ओईटी नावाची वेगळी परीक्षा आहे. तीही ती परिषद मान्य करते आणि तीत निबंधाऐवजी रुग्णाविषयीचे पत्र लिहायचे असते. पण तिची फी जवळजवळ दुप्पट. तो मार्ग तिने आधीच मोजून बाजूला ठेवला होता. आम्ही होकार दिला. खरे सांगायचे तर त्या होकारात मदतीपेक्षा अहंकार अधिक होता. निबंध म्हणजे आमचा प्रांत.

या परीक्षेच्या लेखनविभागात एका तासात दोन प्रश्न सोडवायचे असतात. पहिल्यात एखादा आलेख, तक्ता किंवा आकृती देऊन तिचे वर्णन किमान 150 शब्दांत करायचे. दुसऱ्यात एखाद्या वादविषयावर किमान 250 शब्दांचा निबंध. दुसऱ्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट. तिने सरावासाठी लिहिलेला पहिला निबंध आमच्यासमोर ठेवला. विषय होता, वृद्धांची काळजी कुटुंबाने घ्यावी की शासनाने. निबंध 340 शब्दांचा. आरंभ 'इन धिस मॉडर्न एरा' असा. मग भारतीय संस्कृतीची महती, मग 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स', मग पाश्चात्त्यांचे वृद्धाश्रम, मध्येच कोठेतरी 'प्लेथोरा', आणि अखेर हे सारे आपल्याच हातात आहे असा समारोप. आम्हांला निबंध आवडला. ओघ होता, शब्द होते, शेवट गोड होता. आम्ही समासात 'छान' असे लिहूनही टाकले.

ती काही बोलली नाही. पिशवीतून तिने एक छापील तक्ता काढला. परीक्षक ज्या निकषांवर गुण देतात त्यांचे हे जाहीर रूप. कोणालाही मिळते, पण तिच्या क्लासमध्ये त्यावर कधी एक तासही खर्च झाला नव्हता. निकष चार: प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. चारही सारख्या वजनाचे. सहाच्या रकान्यातले वर्णन आम्ही वाचू लागलो. मुद्दे विषयाला धरून असतात, पण काही पुरेसे विकसित झालेले नसतात. भूमिका असते, पण निष्कर्ष संदिग्ध किंवा पुनरुक्त होतात. वाक्ये जोडणारे शब्द असतात, पण ते यांत्रिकपणे आलेले असतात. सातच्या रकान्यात भूमिका आरंभापासून अखेरपर्यंत स्पष्ट हवी होती, प्रत्येक परिच्छेदाला एक मध्यवर्ती विषय हवा होता, मुद्द्याला आधार हवा होता. आम्ही समासातल्या 'छान'कडे पाहिले. ते खोडण्याचेही धैर्य आम्हांला त्या दिवशी झाले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक प्रस्ताव मांडला. तिने लिहावे, त्याच विषयावर त्याच चाळीस मिनिटांत आम्हीही इंग्रजीत लिहावे, आणि मग वह्यांची अदलाबदल करून तपासावे. निबंध कसा असतो हे तिला प्रत्यक्ष दिसावे, हा आमचा हेतू. तिने तक्ता शेजारी ठेवून आमचा निबंध दोनदा वाचला आणि अतिशय संकोचाने साडेपाच गुण दिले. "सर, तिसऱ्या परिच्छेदापर्यंत तुम्हांला काय वाटतं ते कळतच नाही," ती म्हणाली, आणि एका वाक्यावर बोट ठेवून, "हे सुंदर आहे. पण ते काय सांगतं?" सौ. तेवढ्यात चहा घेऊन आल्या होत्या. "तीस वर्षं मीही हेच विचारते आहे," एवढे बोलून त्या आत गेल्या.

आमच्यातला अध्यापक सहज हार मानणारा नव्हता. आम्ही कपाटातून शास्त्राधार काढला. रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकन भाषाभ्यासकाने परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासून 1966 साली एक लेख लिहिला होता. त्यात त्याने निरनिराळ्या भाषासमूहांच्या परिच्छेदांची चित्रे काढली: इंग्रजीची सरळ खाली उतरणारी रेघ, आणि 'पौर्वात्य' या एका नावाखाली बांधलेल्या भाषांचे आत वळत जाणारे वेटोळे. आम्ही ती चित्रे तिला काढून दाखवली आणि सांगितले, आपली विचार करण्याची रीतच वेगळी; आपण विषयाला प्रदक्षिणा घालतो, इंग्रज थेट गाभाऱ्यात शिरतो; ही परीक्षा त्यांच्या मापाने आपल्याला मोजते. कॅप्लनवर पुढे पुष्कळ टीका झाली, इतक्या भिन्न भाषा एका चित्रात कोंबल्याबद्दल आणि नवशिक्याच्या अडचणीला संस्कृतीचे नाव दिल्याबद्दल. पुढे त्याने स्वतःही आपले म्हणणे बरेच सौम्य केले. हे आम्हांला ठाऊक होते. पण त्या संध्याकाळी ते वेटोळे आमच्या सोयीचे होते.

तिने चित्र पाहिले. "पण सर," ती म्हणाली, "वॉर्डात आम्ही असं गोल गोल नाही सांगत."

मग कसे सांगता, असे आम्ही विचारले. रात्रपाळी संपताना सकाळच्या परिचारिकेच्या हाती रुग्ण सोपवायचा असतो, तेव्हा ती काय बोलते आणि नोंदवहीत काय लिहिते, ते आम्ही तिला इंग्रजीत जसेच्या तसे म्हणायला लावले. ती उभी राहूनच म्हणाली. खाट सात. काल दुपारी शस्त्रक्रिया झाली. रात्री दोनला ताप 101 होता, औषध दिले, चारला 99 वर आला. लघवी कमी होते आहे, डॉक्टरांना कळवले, त्यांनी सलाइन वाढवायला सांगितले. सकाळचे रक्त घ्यायचे राहिले आहे. ते आधी घ्या. सारे मिळून वीस सेकंद लागले असतील. कोठे अडखळणे नाही, कोठे 'मॉडर्न एरा' नाही. काय घडले, ते कशावरून म्हणतो, त्यावर काय केले, आता पुढे काय करायचे, हा क्रम एकदाही सुटला नव्हता. ज्या सुसंगतीसाठी आम्ही वेटोळी काढीत बसलो होतो, ती ही मुलगी रोज सकाळी आठ वाजता वापरीत होती. निबंधाचा कागद समोर आला की मात्र तिच्या अंगात आमची नदी येत असे.

त्या संध्याकाळनंतर शिकवण्याची दिशा बदलली. प्रथम आलेखाचा प्रश्न. ती पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत प्रत्येक आकडा इमानाने उतरवीत असे. आम्ही विचारले, डॉक्टर राउंडला आले की तापाच्या तक्त्यातले चोवीस तासांचे आकडे तू त्यांना वाचून दाखवतेस का? ती हसली. "नाही सर. ताप उतरतोय, नाडी अजून जलद आहे, एवढं आधी सांगते. विचारलं तर आकडा." याच गोष्टीला परीक्षेच्या भाषेत ओव्हरव्ह्यू म्हणतात. समग्र चित्र दोन वाक्यांत आधी सांगायचे, ठळक तेवढे निवडायचे, आकडा पुराव्यापुरता द्यायचा. ते नसेल तर बाकीचे वर्णन कितीही बिनचूक असो, त्या निकषावर वरचा बँड मिळत नाही. तिला हे समजावून सांगावे लागले नाही. तिला ते येतच होते.

निबंधाला वेळ लागला. वृद्धांच्या काळजीचा विषय आम्ही पुन्हा काढला आणि म्हणालो, संस्कृती राहू दे; तू काय पाहिलेस ते सांग. बराच वेळ ती गप्प राहिली. मग तिने एका आजींची हकीकत सांगितली. मांडीचे हाड मोडून त्या आल्या, बऱ्या होऊन घरी गेल्या, आणि दीड महिन्यात पाठीला जखमा होऊन परत आल्या. मुलगा दिवसरात्र वॉर्डाबाहेर बसून असे. त्याने घरी आईला क्षणभर दूर केले नव्हते. अंथरुणात दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचे असते, एवढे मात्र त्याला नीट कोणी शिकवले नव्हते. "माया होती, सर. हात शिकलेला नव्हता," ती म्हणाली. मग तुझे मत काय? "म्हातारी माणसं घरातच राहावीत. पण शिकलेला हात सरकारनं घरी पाठवावा."

आम्ही म्हणालो, हा तुझा निबंध. तिने तो त्याच रात्री लिहिला. पहिल्या परिच्छेदात ते मत एका वाक्यात. दुसऱ्यात घर का हवे. तिसऱ्यात घर एकटे का पुरत नाही, आणि तिथे त्या आजी, नाव-गाव न देता, तीन वाक्यांत. शेवटी पहिलेच मत, पण आता कारणांसह. एकूण 270 शब्द. 'प्लेथोरा' गेला, नाण्याच्या दोन बाजू गेल्या. क्लासने पाठ करून घेतलेली वाक्ये तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून त्यांवर काट मारली. पाठ केलेला मजकूर परीक्षकाला ओळखू येतो आणि तो त्याचे गुण देत नाही, हेही तिला त्या तक्त्याशेजारच्या सूचनांतून उमगले होते. चाळीस मिनिटांतली पहिली पाच ती आता नुसती विचारात घालवू लागली आणि शेवटची पाच चुका शोधण्यात.

चुकांची तिने वही केली. मराठीत आणि तेलुगूत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत, म्हणून 'ए' आणि 'द' गळत. 'इक्विपमेंट' आणि 'ॲडव्हाइस' यांना अनेकवचनाचा 'एस' लागे. 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' येई. रुग्णाच्या शरीरात किती पाणी गेले आणि किती बाहेर आले याचा जसा तक्ता ठेवतात, तसे तिने प्रत्येक निबंधापुढे या चुकांचे आकडे मांडले. पहिल्या निबंधात उपपद अकरा वेळा गळले होते. मार्चअखेर ते दोन-तीनदा गळू लागले. व्याकरणाचे मोठे पुस्तक तिने उघडले नाही. आपल्या हातून नेमके काय चुकते तेवढेच तिने बरे करायला घेतले.

आता आमच्याविषयी. ती घरी गेल्यावर आम्ही बसून राहत असू. मराठी निबंधाचा इतिहास आम्ही तीस वर्षे शिकवला आहे. लोकहितवादींनी 1848 पासून 'प्रभाकर' पत्रात शतपत्रे लिहिली; वाक्ये लहान, रोखठोक, अलंकाराची हौस नाही. 1874 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि तीत लोकहितवादींचा खरपूस समाचार घेतला. चिपळूणकरांसमोर जॉन्सन-मेकॉले होते. त्यांच्या वाक्याचा डौल आजही कानाला सुखावतो. वर्गात आम्ही नेहमी त्या डौलाच्या बाजूने बोललो. पण त्या डौलाखाली काय होते हे सांगायचे राहून गेले. चिपळूणकरांचे मत पटो वा न पटो, ते कोठे आहे हे शोधावे लागत नाही. ते भांडत होते. त्यांचा डौल त्या भांडणाच्या कामी आलेला होता. शाळेच्या निबंधापर्यंत येता येता भांडण गळून गेले आणि डौल तेवढा उरला. 'विज्ञान: शाप की वरदान' हा विषय आम्ही किती वर्षे दिला याची गणती नाही. तो नुसताच शाप आहे, किंवा नुसतेच वरदान, असे ठामपणे लिहिणारा एकही विद्यार्थी आम्हांला आठवत नाही. असे लिहिणाऱ्याला आम्ही 'एकांगी' असा शेरा देऊन दोन गुण कापीत होतो. मते नसलेली, तरी सुरेख वाक्ये लिहिणारी मुले आम्ही तयार केली. त्यांतली एक अर्ध्या बँडासाठी दोनदा पुण्याहून रिकाम्या हाताने परतली.

याचा अर्थ या परीक्षेपुढे आम्ही लोटांगण घातले असा कोणी घेऊ नये. बारा तासांची पाळी बिनचूक करणाऱ्या मुलीला तिची योग्यता एका तासाच्या लेखनातून सिद्ध करावी लागते, आणि एकेका प्रयत्नाला इतके पैसे पडतात, हे आम्हांला आजही रुचत नाही. आमच्याच सोलापुरात 1910 साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले. त्यांना कोणी बँड विचारला नव्हता. चिनी भाषा ते तिथे जाऊन, जखमी सैनिकांमध्ये वावरत शिकले. भाषा अशीही शिकता येते, किंबहुना अशीच खरी शिकता येते. एके दिवशी आम्ही हे तिला बोलून दाखवले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "खरं आहे सर. पण रात्रीची नोंद चुकीची वाचली गेली तर सकाळी माणूस जातो. त्यांनी लिहिणं तपासावं, यात मला चूक वाटत नाही. फक्त फी कमी करावी." इथेही तिची भूमिका आमच्यापेक्षा स्पष्ट होती.

मे महिन्यात ती पुन्हा पुण्याला गेली. या वेळी संगणकावरची परीक्षा घेतली होती, कारण शब्दांची संख्या पडद्यावर दिसते आणि वाक्य हलवता येते. त्यासाठी आमच्या जुन्या संगणकावर तिने दोन महिने बोटे चालवली होती. थोड्याच दिवसांत निकाल आला. लेखन साडेसहा. सात आले असते तर गोष्ट अधिक शोभली असती. पण जेवढे हवे होते तेवढेच आले आणि ते पुरले. 2025 च्या आरंभी ती गेली. तिच्या आईने आमच्या घरी शेंगाची चटणी आणून दिली आणि तेलुगूमिश्रित मराठीत आमचे आभार मानले. आम्हांला काय बोलावे ते सुचेना. शहरातल्या एका वॉर्डातला एक शिकलेला हात कमी झाला होता आणि त्याला आमचाही हातभार लागला होता. तिच्या निबंधातली मागणी इथे कोणी पुरी केली असती तर ती गेली असती का, हा प्रश्न आम्ही तिला कधी विचारला नाही.

जाण्यापूर्वी तिने चुकांची ती वही आमच्याकडे ठेवली. "पुढच्या कुणाला उपयोग होईल, सर." ती गेल्यावर पाने चाळताना शेवटच्या पानावर एक निराळा रकाना दिसला. वर 'सर' असे लिहिले होते. आम्ही तिच्याबरोबर जे निबंध लिहीत होतो त्यांतल्या चुका तिने न बोलता मांडून ठेवल्या होत्या. उपपदे आमचीही गळत होती. खाली एक नोंद होती, आमच्या एका मराठी लेखाविषयी; तो लेख आम्ही तिला कौतुकासाठी वाचायला दिला होता. नोंद अशी: "'वस्तुतः', 11 वेळा. एकदाही गरज नाही."

त्या नोंदीखेरीज हा शब्द प्रस्तुत लेखात कोठे आलेला नाही, एवढे आम्ही मोजून पाहिले आहे.